मुरू सरांची माती

बटण दाबलं की लगेच उत्तर बघायचं, हे मुरू सरांना ठाऊकच नव्हतं. संगणकातल्या डब्यात खोटे दाणे सोडले, की ते हाताची घडी घालून बसायचे. "मुरू दे की! खोटा दाणा झाला म्हणून काय झालं, बसायला येळ लागतोच." पोरांनी ठेवलेल्या या नावाला ते खुशीनं ओ द्यायचे.

सोलापूरच्या आमच्या कॉलेजात ते मातीची प्रयोगशाळा सांभाळायचे. मी तिथं नवा शिक्षक. मातीचा नमुना चहूबाजूंनी दाबून धरायचा, वरून चेपत न्यायचा आणि तो कधी ढासळतो ते बघायचं, ही ट्रायॲक्शियल चाचणी. तीच आम्ही सॉफ्टवेअरमध्ये हजारो दाण्यांवर करायचो. सर मेंढपाळाच्या घरचे. "नव्या भरावावर माझा बा मेंढरं फिरवायचा, खुरांनी माती गच्च बसायची," असं सांगत दोन बोटं टेबलावर चालवून दाखवायचे.

मोहोळकडच्या एका नव्या तळ्याच्या बांधाची चाचणी आमच्याकडं आली. बांधाखालीच सरांच्या अक्काचं घर. सर दोन दिवस बाहेरगावी होते आणि मला भारी घाई. दाणे भरताना मी घर्षण शून्य ठेवलं. त्यानं दाणे निसटत निसटत गच्च बसतात. मातीच्या ताकदीचा आलेख असा झोकात चढला, की मी सही ठोकून अहवाल धाडून दिला.

परतल्यावर सरांनी आलेख पाहिला.

"ही माती कुटली?"

"आपल्या बांधाचीच, सर."

"न्हाय. हिच्यावर तू मेंढरं फिरवलीस. तितं डंपरनं नुसती वतलीय, रोलरसुदीक फिरला न्हाय."

त्यांनी घर्षण ठेवून दाणे सैल भरले. नमुना निम्म्या भारालाच फुगून बसला.

नवा अहवाल घेऊन मी कंत्राटदाराकडं धावलो. "पहिला मंजूर झालाय. आता पावसाळ्यानंतर बघू," तो म्हणाला. इतकी लाज मला स्वतःची कधी वाटली नव्हती.

तळं भरत चाललं. अक्का घर सोडेना, म्हणून सर रजा टाकून तिच्याकडंच राहायला गेले. एका सकाळी त्यांचा फोन आला. "बांधाच्या पायथ्याला पाणी पाझरतंय."

"नितळ आहे ना?"

"गढूळ हाय."

गढूळ म्हणजे बांधाच्या पोटातली माती निघाली. "सर, पळा!" मी ओरडलो.

"गल्ली रिकामी केलीय. अक्का तेवढी ऱ्हायलीय, तिला घिऊन येतो."

फोन त्यांनी बंद केला नाही. दार ढकलल्याचा आवाज आला, "अक्के, ऊठ" अशी त्यांची हाक आली, आणि मग नुसतं पाणीच ऐकू आलं.