एक गळा, एक गाणं

सेंगा मॅक्लर्गवरचा पहिला अन्याय तिच्या जन्माआधी तीन आठवडे झाला. तिच्या मावशीला मुलगी झाली. स्कॉटलंडमधल्या आमच्या ग्रीनॉकमध्ये पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात, म्हणून ती मुलगी ॲग्नेस झाली. सेंगा जन्माला आली तोवर आजीचं नाव खर्ची पडलं होतं. मग त्याच नावाची इंग्रजी अक्षरं शेवटाकडून वाचून तिला देण्यात आली. आमच्याकडे यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. दर दोन गल्ल्यांना एक सेंगा सापडते. मात्र त्या सेंगांची सरळ आवृत्ती शेजारच्याच जिन्यावरच्या घरात राहत नव्हती; हिची राहत होती.

"जुना कोट उसवून उलटा शिवतात ना, तसं माझं नाव आहे," सेंगा म्हणायची. "तिचं नवं कोरं."

आजीला हे कळत असावं. एकदा शेगडीपाशी बसवून तिनं सेंगाला आपलं गाणं देऊन टाकलं. चार नातेवाईक जमले की इथे प्रत्येकाला गावं लागतं, आणि ज्याचं गाणं त्यानंच गायचं. मध्येच कुणी सूर मिसळला तर सगळे ओरडतात, "एक गळा, एक गाणं!" आजीचं गाणं कुणी रचलं ते तिलाही ठाऊक नव्हतं. खलाशाची वाट बघणारी एक मुलगी 'गुरॉकच्या धक्क्यावर' पाय भिजवत उभी असते, एवढीच गोष्ट. खलाशी येत नाही. गुरॉक इथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे आम्हांला ते पटतं.

"तिला नाव, तुला गाणं," आजी म्हणाली. "आता भांडू नका."

आवाज दोघींनाही होता. चर्चमध्ये गाणं बसवणारे मास्तर म्हणायचे, सेंगा सुरात गाते आणि ॲग्नेसचं ऐकावंसं वाटतं. ही स्तुती नेमकी कुणाची, याचा विचार सेंगा नंतर बरीच वर्षं करत होती.

ॲग्नेस एकोणिसाव्या वर्षी एका बँडबरोबर लंडनला गेली आणि वर्षभरात नाव बदलून मार्सी लेन झाली. सेंगाला बातमी कळली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वापरायचं नव्हतं तर मला द्यायचं होतं."

पहिली रेकॉर्ड पडली. दुसरीसाठी काही सापडेना, तेव्हा मार्सीनं आजीचं गाणं म्हणून दाखवलं. कंपनीच्या माणसाला ते आवडलं, फक्त गुरॉक खटकलं. 'गुरॉकच्या धक्क्यावर' जाऊन 'दूरच्या किनाऱ्यावर' आलं, मागे ढोल वाजला, आणि त्या उन्हाळ्यात देशभर तेच गाणं. पांढरे बूट घातलेली मार्सी टीव्हीवर दिसली, जर्मनीत जाऊन तेच जर्मनमध्ये गायली, ड्रमवाल्याशी लग्न केलं, ड्रमवाल्याला सोडलं. पुढे फॅशन बदलली. मग नाताळातली मुलांची नाटकं, मग सहलीची जहाजं, मग 'ते सोनेरी दिवस' छापाचे कार्यक्रम. गाणं मात्र प्रत्येक ठिकाणी तेच एक.

सेंगा तेव्हा साखर कारखान्यात पिशव्या भरत होती. साखर कारखाना म्हटल्यावर वाचकांनी निवडणुका डोळ्यांपुढे आणू नयेत. इथे नुसती साखर व्हायची. कामाच्या जागी दिवसभर रेडिओ लावलेला असे, आणि ते गाणं लागलं की पन्नास बायका एका सुरात 'दूरच्या किनाऱ्यावर' पोचायच्या.

"ते गाणं माझं आहे," सेंगानं एकदा सांगून पाहिलं.

"हो ना बाई," शेजारची बेला म्हणाली, "आणि राणीचा मुकुटही तुमच्याच कपाटात असेल. जरा पुसून ठेव."

नवऱ्यानं हौसेनं ती रेकॉर्ड घरी आणली, तेव्हा त्याला आठवडाभर गार जेवण मिळालं. एका बारशाला सेंगा आपलं गाणं गायली, तर दीर कौतुकानं म्हणाला, "वा वहिनी! अगदी रेकॉर्डसारखं!" त्यानंतर तिची पाळी आली की तिचा घसा दुखायचा. तीस वर्षं टिकलेलं घशाचं दुखणं वैद्यकशास्त्रात दुर्मिळच म्हणायला हवं.

मग नेटामावशी, म्हणजे ॲग्नेसची आई गेली. अंत्यविधीनंतर बोलिंग क्लबच्या वरच्या हॉलमध्ये चहा, हॅमचं सँडविच आणि शेरी होती. मार्सी साध्या काळ्या कोटात आली होती. तो साधा दिसण्यासाठी किती खर्च आला असेल याचा सेंगानं दारातच अंदाज घेतला. बाकी तिला एकच चिंता होती. लंडनमध्ये विकलं ते विकलं. पण ॲग्नेसनं आज घरच्यांसमोर ते गाणं म्हटलं, तर ते कायमचं तिचं झालं.

गाण्याच्या पाळ्या लावायचं काम डूगीमामांचं. जहाजांना रिव्हेट ठोकण्यात त्यांचे कान गेले होते, तरी कारभार त्यांच्याकडेच होता. दोनतीन गाणी झाल्यावर हॉलमधून हाका सुरू झाल्या.

"मार्सी, ते होऊ दे!"

मार्सी उठली. "एकटी नाही म्हणणार," ती म्हणाली. "सेंगा, ये ना. दोघी म्हणू या."

हॉल गहिवरला. सेंगा मला नंतर म्हणाली, उघड चोरी तिनं एक वेळ माफ केली असती. पण चोरानं चोरीच्या मालात वाटा देऊ करावा? ती उठली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला मार्सीनं वरचा सूर मिसळला. फार सुंदर मिसळला, तोच तर संताप.

डूगीमामांनी बशीवर चमचा आपटला. "एक गळा, एक गाणं!"

सगळ्यांनी कीव येऊन सेंगाकडे पाहिलं.

"मामा," सूनबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या, "अहो, मार्सीचंच गाणं आहे ते!"

"कोण मार्सी?" मामा म्हणाले. "मी आमच्या ॲग्नेसला सांगतोय. दोन तोंडं हलतायत, मला दिसत नाही का? खाली बस पोरी. तुझ्या आजीनं ते सेंगाला दिलंय. मी तिथेच होतो, शेगडीत कोळसा घालत."

मार्सी बसली. सेंगानं तिसऱ्या ओळीपासून पुढे धरलं. आवाज अजून स्वच्छ होता. खलाशी गेला, मुलगी निघाली, पाय भिजले, आणि सेंगा सुरात, ठणठणीत गायली, "दूरच्या किनाऱ्यावर…"

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सगळ्यांना तेच शब्द पाठ होते. फक्त मार्सीनं मान वर केली. तिचे ओठ आवाज न करता 'गुरॉकच्या' म्हणाले.

टाळ्या झाल्यावर दोघी मागच्या खोलीत कपबशा विसळायला आल्या.

"'दूरच्या' म्हणालीस."

"मुळीच नाही."

"तीस वर्षं तो शब्द विकून खातेय मी. मला नाही ओळखू येणार?"

सेंगानं एक कप गरजेपेक्षा जास्त वेळ पुसला. "कारखान्यात दिवसभर तुझंच लावायचे मेले," ती म्हणाली.

"मला तो शब्द कधी जमला नाही बघ. प्रत्येक वेळी तोंडात गुरॉकच यायचं." मार्सीनं बशी पुढे केली. "असो. गाणं तुझंच. नाव पण घेतेस? पडूनच आहे."

"वापरलेलं नको," सेंगा म्हणाली.

सोमवारी ती मला बेकरीच्या रांगेत भेटली. "मिळालं ना गाणं परत?" मी विचारलं.

"मिळालं की. मामांनी सगळ्यांदेखत दिलं." तिनं पाव पिशवीत टाकले. "पण तू तिला पाहिलंस का? हात मांडीवर, मान किंचित खाली. गात मी होते आणि सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. गप्पसुद्धा माझ्यापेक्षा चांगली बसते मेली."