सीडीला आठवलेली कमांड

आधीच सांगते, करणी, भानामती, अंगात येणं असल्या गोष्टींना मी तोंडावर हसणारी बाई आहे. नवऱ्याच्या मते जरा जास्तच मोठ्याने. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण इतकी वर्षं मनात ठेवलं, आता लिहूनच टाकते.

नव्वदचं दशक सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी यवतमाळहून पुण्याला कॉम्प्युटर शिकायला आले होते. विश्रांतवाडीत, आळंदी रोडच्या आतल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर मी आणि शीतल एका खोलीत राहायचो. शीतल वाशीमची, माझ्याच कॉलेजातली, एक वर्ष पुढची. खोलीतला एकुलता एक कॉम्प्युटर तिचा, तिच्या दादाने सुटे भाग आणून जोडून दिलेला. त्यावर तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता आणि सोमवारी सबमिशन. तिच्या वडिलांनी तिला बजावून ठेवलं होतं, "यंदा पास झाली तर नोकरी कर. नाहीतर घरी ये, स्थळं तयार आहेत." ते बोलल्याप्रमाणे वागणारे गृहस्थ होते.

मला मात्र लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं, वेड लागलं होतं. मासिकाबरोबर सीडी आली होती. फुकट, कुणीही वापरा, आतला कोडसुद्धा वाचा — मी हरखूनच गेले होते. एका गुरुवारी सकाळी शीतल कॉलेजला गेली आणि मी तिला न विचारता सीडी घातली. तिचं विंडोज तसंच ठेवायचं आणि उरलेल्या जागेत लिनक्स, असा बेत. इन्स्टॉलरने काहीतरी विचारलं, मी 'नेक्स्ट' दाबलं. परत विचारलं, परत 'नेक्स्ट'. वाचतंय कोण! जुनं पार्टिशन उडालं, नवं फॉरमॅट होणार तेवढ्यात... लाइट गेले. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी वारच बघितला नव्हता.

पार्टिशन म्हणजे डिस्कवर आखलेला कप्पा. माल आतच असतो, पण कप्पा कुठे सुरू होतो आणि किती मोठा आहे ही नोंद पुसली गेली की कॉम्प्युटरला काहीच सापडत नाही.

दुपारी लाइट आले. काळ्या पडद्यावर एकच ओळ — ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. प्रोजेक्ट फ्लॉपीत मावत नव्हता, म्हणून शीतल शनिवारी हार्ड डिस्कच सायबर कॅफेत नेऊन त्याची सीडी काढणार होती. म्हणजे दुसरी कॉपी कुठेच नव्हती. मी ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू.

मग तीच सीडी घालून रेस्क्यू मोडमध्ये, म्हणजे बिघाड दुरुस्त करायच्या काळ्या पडद्यावर गेले. काय टाइप करायचं ते ठाऊक नव्हतं. नुसतीच वरच्या बाणाची की दाबली. ती दाबली की आपण आधी टाइप केलेली कमांड परत येते. खरं तर काहीच यायला नको होतं. सिस्टिम सीडीवरून नुकती सुरू झालेली, मी एक अक्षर टाइप केलेलं नाही, आणि त्या सीडीवर काही लिहिताच येत नाही.

पडद्यावर लांबलचक कमांड उमटली. पार्टिशन पुन्हा आखायची. शेवटी दोन आकडे, कप्प्याची सुरुवात आणि लांबी. मी ती वहीत उतरवून घेतली.

तेवढ्यात शीतल आली. "काय करून राहिली व? रडली काहून?"

मी सगळं सांगितलं. ती मटकन खाली बसली. मला वाटलं मारेल. तिने नुसतं विचारलं, "हे आकडे कुठून आणले?"

"मी नाही आणले. आपोआप आले."

तिने वहीतले आकडे पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले. मग म्हणाली, "दाब एंटर."

"चुकलं तर?"

"आता जायचं काय राह्यलं?"

मी एंटर दाबलं. रीस्टार्ट केलं. विंडोज आलं आणि प्रोजेक्टही शेवटच्या ओळीपर्यंत जसाच्या तसा! आम्ही एवढ्या ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "अहो, खाली माणसं राहतात. कळावं म्हणून सांगितलं."

पुन्हा सीडी घातली, बाण दाबला. नुसती बीप. दहा वेळा दाबला, दहाही वेळा बीप.

रविवारी कसबा पेठेत लिनक्सवाल्यांची बैठक भरायची. तिथल्या एका सरांना वही दाखवली. "सीडीवर आधीच्या कमांडची हिस्टरी? वा! उद्या म्हणाल, कुकरने स्वतःच शिट्ट्या मोजल्या." पण मग त्यांनी डिस्कचा हिशोब मांडून पाहिला. "आकडे बरोबर आहेत," एवढंच म्हणाले. "असे अंदाजाने येत नाहीत."

शीतल पास झाली, नोकरीला लागली. मीही पुढे लिनक्सवरच पोट भरलं आणि या काळात भेटलेल्या प्रत्येक जाणकाराला हा प्रकार सांगितला. एकालाही उलगडा करता आलेला नाही, मलाही नाही. मागच्या महिन्यात शीतलला विचारलं, तुला काय वाटतं गं, कोण होतं ते? ती आता दोनशे पोरापोरींना कॉम्प्युटर शिकवते.

म्हणाली, "कोण होतं ते मला नाही माहीत. पण मी घरी परत जाऊ नये असं त्या दिवशी कोणाला तरी वाटलं. मला तेवढं पुरलं."