लडाखचा लांडगा, लालबागची शिलाई

शेवंती परब नाटकांचे पोशाख शिवायला लागल्या तेव्हापासून त्यांचा एकच कायदा: माप माणसाचं घ्यायचं, पात्राचं नाही. राजा असो की राक्षस, आत माणूसच घुसणार ना! या कायद्यावर त्यांच्या लालबागच्या खोलीतून वाघ, माकडं, एक गेंडासुद्धा बाहेर पडला. दुरुस्तीला एकही परत आला नाही, याचा बाईंना भारी तोरा.

यंदा मंडळाचा गणपतीचा देखावा लडाखचा. कापसाचा बर्फ आणि त्यात लांडगा, म्हणजे लांडग्याच्या पोशाखात मंडळाचा कार्यकर्ता मयूर. मयूर ही नुसती काठी. बाईंनी त्याच्या मापाने लांडगा बेतला: लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, वर ऐटीत मोठे कान.

मंडळाचे चिटणीस जयवंत बघतच राहिले. "मावशी, याला ॲडमिट करायला हवं."

"तुझ्या तोंडात किडे पडोत!"

"उद्या संध्याकाळी उद्घाटन आहे. जमलं नाही तर विजेवर मान हलवणारं अस्वल आणतो भाड्याने."

भाड्याचं अस्वल! बाई तणतणत घरी आल्या. नात श्रेया कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिने मोबाइलवर दोन फोटो दाखवले. एक सोलापूरच्या माळावरचा लांडगा, हुबेहूब मयूर. दुसरा लडाखचा, केसाळ, भरदार, तोकड्या कानांचा.

"आजी, प्राणी एकच. उन्हातल्याला अंगातली गरमी बाहेर टाकायची असते, म्हणून सडपातळ अंग, मोठे कान. थंडीतल्याला ती राखायची असते, म्हणून अंग मोठं, कान छोटे, केस दाट."

"मग आधी सांगायला जीभ झडली होती काय?"

"तू विचारलंस कधी?"

बाईंनी कान छाटले, पाठीपोटात कापूस कोंबला, वर दाट फर चढवली. दुसऱ्या दिवशी दुपारी श्रेयाही मंडपात आली. मयूर पोशाखात शिरला. काय रुबाब! अस्वलवाल्याला नको म्हणून कळवायला जयवंतांनी फोन लावला, तोच लांडग्याने स्वतःचं डोकं उपटून फेकलं.

"मावशी, मरतोय! भट्टी आहे आत!"

भाद्रपदातलं लालबाग आणि अंगावर लडाखची फर. जयवंतांनी फोनवर वाक्य फिरवलं, "हां, अस्वल पाठवा."

"फोन ठेव तो!" बाई कडाडल्या. "श्रेया, तुझा थंडीतला लांडगा कधी झोपतो की नाही?"

"झोपतो की. अंगाचं मुटकुळं करून, शेपूट नाकावर घेऊन."

"मग उभा कशाला करता मेल्यांनो त्याला!"

मयूरच्या जागी जुन्या गोधड्या गेल्या. शेपूट नाकावर टाचली. पोटाखाली बांबूची कांबट, कांबटीला दोरी, दोरी पडद्यामागे. अस्वल आलं तसंच टेम्पोतून परत गेलं.

संध्याकाळी बर्फात लांडगा गाढ झोपला होता आणि त्याचं पोट वरखाली होत होतं. पोरं एकमेकांना "श्श, उठेल!" म्हणत दबकत पुढे सरकत होती. पडद्यामागे मयूर बनियनवर, पंख्यासमोर बसून दोरी ओढत होता. बाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"सावकाश रे! झोपलाय तो, कुत्रं मागे लागलेलं नाही त्याच्या."