कोंड्याचा पाय आणि शनिवारची कणी

भातगिरणीतलं तूस रोज झाडलं नाही तर काय होतं, ठाऊक आहे? चार दिवसांत ते उंबऱ्यापर्यंत चढतं आणि मग दारच उघडत नाही! किश्शांचंही तसंच. एक काढायला जावं तर मागून दहा घसरत येतात. पनवेलच्या त्या गिरणीचं तूस माझ्याकडे इतकं साठलंय की आज थोडं बाहेर लोटते. कुणाच्या नाकात गेलं तर शिंका!

मी गंगू. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. गोणींवर छापलेली अक्षरं बघून बघून वाचायला शिकले, आणि अशी शिकले की पुढे मुनीमजींच्या चुका काढायला लागले. तेव्हा माझं लिहिणं कुणाला खटकलं तर खटकू द्या.

आम्ही पाखडणाऱ्या बायका, आसपासच्या आगरी गावांतल्या. भात भरडून आलं की सुपं घेऊन ओळीने बसायचं आणि हात थांबेपर्यंत तोंडही थांबवायचं नाही. मजुरी बेताची. पण शनिवारी संध्याकाळी प्रत्येकीला सूपभर कणी मिळायची. कणी म्हणजे तुटका तांदूळ. शेठच्या लेखी तो केर, आमच्या घरी त्याच्या पेजेवर आठवडा निघायचा. रेशनिंगचे दिवस होते ते. शनिवारच्या कणीला हात लावायची शेठचीसुद्धा टाप नव्हती!

* * *

कोंड्या गिरणीत आपणहून आला. तांबूस रंगाचा, एक कान कायम पडलेला. कोंड्याच्या ढिगात झोपायचा म्हणून नावही तेच पडलं.

शेठने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "कुत्रा हाकला! गिरणीत फुकट खाणारा नको मला."

आमच्यात सर्वांत वडील ठमामावशी. सूप खाली न ठेवता म्हणाली, "शेठ, तो रोज उंदीर मारतो. तुमचे मुनीमजी पगार घेतात, त्यांनी आजवर किती मारले?"

मुनीमजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. शेठ तोंड फिरवून हसला. कोंड्या राहिला!

* * *

तो सगळ्यांचा होता, पण हिरीचा जरा जास्त. हिरी माझ्या शेजारी बसायची. माझ्याच वयाची, हाताने चपळ, बोलायला कमी. तिचा घरवाला गलबतावर खलाशी म्हणून गेला तो गेलाच. कुणी म्हणायचं बुडाला, कुणी म्हणायचं कोचीनला दुसरं घर केलं. हिरी काहीच म्हणायची नाही.

ती कामोठ्याला एकटी राहायची. तेव्हाचं कामोठं म्हणजे चार घरं आणि खाडीकाठच्या खाजणाचा वारा. गिरणी सुटली की कोंड्या तिच्याबरोबर गावच्या वेशीपर्यंत जायचा, तिच्या हातचा भाकरीचा तुकडा खायचा आणि एकटा परत यायचा.

वाटेत एक टवाळ तिला रोज विचारायचा, "काय गो, एकटीच?" एके दिवशी कोंड्याने त्याचं धोतर धरलं आणि सोडलंच नाही. कोंड्या धोतर घेऊनच गिरणीत परतला! गडी घरी कसा गेला ते आम्ही कधी विचारलं नाही.

* * *

मग तो दिवस आला. खारघरहून भाताची भरलेली बैलगाडी आली. हो, त्याच खारघरहून, जिथे आता इमारतींकडे मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं! गाडी मागे घेताना कोंड्याचा मागचा पाय चाकाखाली गेला. तो ओरडला तसं गिरणीतलं एकूण एक सूप खाली पडलं.

गाडीवान उतरला, खाली वाकला, आणि आधी चाक बघितलं!

"चाकाला काय नाय झालं," म्हणाला.

ठमामावशीने त्याच्या पाठीत सूप असं घातलं, की सुपाला मात्र झालं!

* * *

गावात गुरांचा सरकारी दवाखाना होता. मी, हिरी आणि ठमामावशी कोंड्याला गोणपाटात घालून घेऊन गेलो. डॉक्टर तरुण, घाटावरचा, नियमाला पक्का.

"बाई, हा गुरांचा दवाखाना आहे. कुत्र्याची नोंद मी कशी करू?"

"वासरू लिवा," ठमामावशी म्हणाली.

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, कोंड्याकडे पाहिलं, आणि लिहिलं, वासरू! मग बांबूच्या कामट्या लावून पाय बांधून दिला. आम्ही निघालो तसा मागून म्हणतो कसा, "वासराला हाडं चघळायला देऊ नका, मावशी. कुणी पाहिलं तर माझी नोकरी जाईल!"

* * *

पण पाय सांधला नाही. वास यायला लागला. कोंड्या खाईना, आणि शेपूट हलवायची तर नुसतं टोक हलवायचा. डॉक्टरने गिरणीत येऊन पाहिलं. या वेळी हसला नाही.

"पाय सडतोय. मुंबईच्या जनावरांच्या मोठ्या इस्पितळात नेऊन कापला तर जगेल, पण तिथे पैसे पडतील. नाहीतर मी इंजेक्शन देतो. शांत झोपेल. त्याचं काही पडणार नाही."

शनिवार होता. सुपं भरून समोर ठेवलेली. पैसे आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते, होती ती एवढी कणी. ती द्यायची की नाही, आणि किती द्यायची?

"विंजेक्शन देऊ दे," ठमामावशी म्हणाली. "घरात माझी नातवंडं तोंडं वासून बसली हायत. कुत्र्याचा पाय कापायचा म्हणून त्यांनी पेज सोडायची?"

तिचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. कणीशिवायचा आठवडा कसा जातो ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, "एक शनिवार देऊ. तेवढ्यात भागलं तर भागलं."

"आनी नाय भागलं तर?" मागून कुणीतरी म्हणालं. "अर्धाच पाय कापून आनायचा?"

हसू आलं, तेही लगेच विरलं. तेव्हा हिरी बोलली. "माझी घ्या. दिवाळीपर्यंतची सगळी घ्या."

"तुझं काय गो!" ठमामावशी तडकली. "तुझ्या घरात खानारं कोन हाय?"

"तोच हाय," हिरी म्हणाली.

इंजिनाचा पट्टा तेवढा फटफटत होता. ठमामावशीने एक सणसणीत शिवी हासडली, ती इथे लिहीत नाही, आणि आपलं सूप हिरीच्या पदरात उलटं केलं.

"एक शनिवार! दुसरा मागितलास तर तुझाच पाय कापीन!"

मग एकेक सूप उलटत गेलं.

* * *

गिरणीचा माल मुंबईला न्यायचा तो करीमभाईच्या ट्रकमधून. त्याने मला, हिरीला आणि कोंड्याला घेतलं. कणीचं गाठोडं आमच्या पायाशी. आता आमचं शहाणपण बघा! मुंबईत परवान्याशिवाय तांदूळ न्यायला बंदी. शेठच्या गोणींना परवाना होता, आमच्या गाठोड्याला कुठला? हे नाक्यावर पोलिसाने गाठोड्यात काठी खुपसली तेव्हा लक्षात आलं!

"हे काय?"

"कुत्र्याचं हाय," हिरी म्हणाली. खोटं काय होतं त्यात?

"कुत्रा एवढा तांदूळ खातो?" पोलिसाने आवाज चढवला. "बघू!"

त्याने मूठभर कच्ची कणी कोंड्याच्या तोंडाशी धरली. दोन दिवस त्याने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. करीमभाई पुटपुटला, "या अल्ला, खा ले रे!"

कोंड्याने मान उचलली, पोलिसाकडे पाहिलं आणि त्याची मूठ चाटून साफ केली.

पोलिसाने हात पँटीला पुसला. "जा," म्हणाला. "लवकर जा."

* * *

इस्पितळात एक बाई आल्या होत्या, रेशमी साडीतल्या. त्यांच्या कुत्र्याच्या अंगात लोकरीचा स्वेटर, आणि डोळे त्या बाईंचेच सुजलेले. हिरी माझ्या कानाशी म्हणाली, "गंगू, आजारी कोन हाय गो? कुत्रा का बाई?"

खिडकीतल्या कारकुनासमोर मी गाठोडं ठेवलं. तो भडकला. "हे काय वाण्याचं दुकान आहे?"

"इथे जनावरं जेवतात ना?" मी म्हटलं. "मग शिजवा की!"

आवाज माझा तेव्हाही लहान नव्हता. आतून मोठे डॉक्टर आले, त्यांच्यामागून स्वयंपाकी आला. त्याने गाठोड्यात हात घातला, कणी बोटांतून सोडली आणि म्हणाला, "साहेब, असलं आज माणसांना मिळत नाही!"

मोठ्या डॉक्टरांनी गाठोडं ठेवून घेतलं आणि कोंड्याला आत नेलं. काही दिवस तिथेच ठेवायचं होतं. निघताना हिरीने मागे वळून पाहिलं नाही.

"पायलं तर उठंल तो," म्हणाली.

* * *

गिरणी केव्हाच गेली. तिच्या जागी इमारत आहे, खाली मोबाईलचं दुकान. मी काठी टेकत तिथवर जाते आणि उभी राहते. दुकानातला मुलगा विचारतो, "आजी, रिचार्ज का?" त्याला काय सांगू? मला भरडलेल्या भाताचा गरम वास हवा असतो. ती सुपांची ओळ, तो बायकांचा कालवा हवा असतो. माझ्या उजव्या हाताला बसलेली हिरी हवी असते, एकदा, पाखडताना कोपराला कोपर लागेल इतकी जवळ. ती जाऊन किती वर्षं झाली, तरी सूप हातात घेतलं की मी अजून थोडी डावीकडे सरकून बसते.

असो. करीमभाई कोंड्याला घेऊन आला त्या दिवसाचं सांगायचं राहिलंच.

ट्रकचा भोंगा ऐकून आम्ही सगळ्या फाटकात धावलो. बघतो तर क्लीनर मागे गोणींवर, आणि पुढे करीमभाईशेजारी कोंड्या, साहेबासारखा! "क्या करूं," करीमभाई म्हणाला, "खिडकी सोडायलाच तयार नाही!"

त्याने कोंड्याला उचलून खाली ठेवलं. कोंड्या तीन पायांवर उभा राहिला, कलंडला, पडला. मी पुढे झाले तर हिरीने माझा दंड धरला. "थांब. त्याचा त्याला उठू दे."

तो उठला. हिरी खाली बसली, दोन्ही हात पुढे केले. लंगडत, थांबत, तो सरळ आमच्याकडे यायला लागला. तिच्या हातांपर्यंत आला, तिची बोटं हुंगली, आणि तिला ओलांडून मागे उभ्या असलेल्या ठमामावशीकडे गेला. तिच्या पायांवर डोकं टेकून आडवा झाला.

ठमामावशी गोरीमोरी झाली. "अरे मेल्या, हिकडं कुठं? मी तुला मारायला निघाले होते! तिकडं जा! तिनं आनलाय तुला!"

कोंड्या हलेना. ती पाय सोडवू बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

आम्ही सगळ्या हिरीकडे बघायला लागलो. तिचे हात अजून पुढेच होते. ते तिने हळूच मागे घेतले, लुगड्याला पुसले आणि हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं.

"असू दे, मावशी," ती म्हणाली. "आला ना परत!"