चेअरमनची जीभ आणि आईचा खोकला

कंपनी चालवणाऱ्या माणसाचं आपल्या मालावर जीवापाड प्रेम असावं का, यावर पुण्यातल्या एका शिबिरात आम्हाला गटचर्चा करायला लावली होती. गटातले सगळे म्हणाले, असावं. मी वहीत रेघोट्या मारत राहिले. मी सहसा गप्प बसत नाही. पण डोळ्यांपुढं आमच्या गावचा चेअरमन उभा राहिला, तळहातावर गरम खव्याचा गोळा, डोळे मिटलेले. मला खुर्चीवर धड बसवेना.

आमचं गाव भूम तालुक्यात. इथं दूध आणि खवा, बाकी सगळं त्याच्या मागून. आमची कंपनी म्हणजे पत्र्याचं शेड, आत ओळीनं सहा भट्ट्या, बाहेर बाभळीच्या सरपणाचा ढीग. गावातल्या दूधवाल्यांनी मिळून काढलेली शेतकऱ्यांची कंपनी. चेअरमन मोठा बागायतदार. त्याला ही उठाठेव करायची काही गरज नव्हती. खव्याच्या वेडानं केली त्यानं, हे मी कबूल करते.

तिथली रीत अशी, की कढई उतरली की पहिला गोळा चेअरमनच्या तळहातावर. तो चाखणार, मान हलवणार, मगच माल डब्यात जाणार. तो गावात नसला तर माल अडायचा. एकदा पुतण्याच्या हळदीला तो येडशीला गेला होता. इकडून एक जण मोटरसायकलवर प्रत्येक कढईचा नमुना डब्यात घेऊन थेट मांडवात. हळदीच्या हातानं चेअरमननं खवा चाखला आणि तिथूनच फोन केला, "तिसऱ्या कढईचा बाजूला ठिवा, खाली लागलाय." खरंच लागला होता.

त्या शेडात माझी आई कढईवर उभी असायची. आम्ही बौद्ध. तिला पहिल्यांदा कढईवर उभं केलं तेव्हा दोन सभासद कुजबुजले, "झाडलोटीला ठिवा की. कढईवर कशाला?" चेअरमन सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमच्या घरात आसला हात हाय का कुनाचा? आसंल तर आना, लगेच बदलतो." विषय संपला. समतेवर मी किती पत्रकं वाटली असतील, आमच्या गावात एवढं काम एकाही पत्रकानं केलं नव्हतं. नंतर मी त्याला त्याबद्दल बोलले तर तो उलट वैतागला. "ते जात-बीत तुमचं तुमी बघा. मला खवा कळतो."

मग त्यानं मला कंपनीचं पत्रक लिहायला सांगितलं. माझा हात चळवळीत तयार झालेला. दोन ओळींत वाचणाऱ्याची गचांडी धरायची, एवढंच मला येतं. मी लिहिलं: 'यंत्राचा नाही, हाताचा. वाफेचा नाही, चुलीचा. धुरात मुरलेला खवा.' पत्रक चाललं. येरमाळ्याच्या हायवेवरच्या दुकानांत ते चिकटलं, पुण्याहून मागणी आली. मी गावातून ताठ मानेनं फिरायला लागले. घरी आई रात्रंदिवस खोकत होती आणि तो धुराचा खोकला आहे हे कळायला मला भूमचा डॉक्टर लागला. त्यानं सांगितलं, धुरापासून लांब राहा. आई त्याला "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कढईवर हजर.

लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढंच आहे. शेडच्या कोपऱ्यात वाफेवरच्या दोन कढया ताडपत्रीखाली पडून होत्या. सरकारी योजनेतून आलेल्या, बॉयलरसकट. वर कुणीतरी कांदे वाळत घातले होते. मी तडक चेअरमनकडं गेले.

"त्या कढया चालू करा."

"वाफेवरचा? त्याला खवा न्हाय म्हनत पोरी. ते नुसतं आटलेलं दूध."

"आईची छाती भरलीय धुरानं."

"मग मास्क आनून देतो की. चांगल्यातला." तो खरोखर मदत करण्याच्या सुरात बोलत होता, याचाच मला जास्त संताप आला. वर म्हणाला, "आन् पुढारीणबाई, धुरात मुरलेला असं कुनी लिव्हलं? म्या?"

लिहिलं मीच होतं. आणि कोंडीत सापडले की मी सभा बोलवायला लावते. सभेत मी सरळ आव्हान दिलं, चेअरमनचे डोळे बांधा. एका दिवसापुरती वाफेची कढई चालवा; चुलीवरचा आणि वाफेवरचा, दोन्ही खवे आईच्याच हातचे. पाच द्रोण पुढं ठेवा. तुमची एवढी जीभ आहे ना, ओळखा. मला खात्री होती की तो चुकणार. प्रेम वगैरे सगळं थोतांड आहे, हे एकदा चारचौघांत सिद्ध झालं की कढया चालू.

त्यानं पाचही द्रोण बरोबर ओळखले. एकदासुद्धा अडखळला नाही. टाळ्या पडल्या. मागून एक म्हातारा ओरडला, "पोरी, आता तुजेच डोळे बांध!" मी हसले नाही.

चेअरमननं पट्टी सोडली आणि आईला विचारलं, "तुमीच सांगा अक्का, फरक हाय का न्हाय?"

"हाय," आई म्हणाली. "मलाबी कळतो. चुलीवरचाच चांगला लागतो."

मला वाटलं, ही कुणाच्या बाजूची? तेवढ्यात तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "पन सायेब, मला आता दम पुरत न्हाय. उद्यापासनं म्या पॅकिंगला बसते."

एवढंच. घोषणा नाही, मागणी नाही. आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच डब्यांना झाकणं लावत बसली.

तिच्या कढईवर दुसरी बाई आली. चेअरमननं गोळा चाखला आणि तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी कणी राहिली, तिसऱ्या दिवशी तूप सुटलं. आठवडाभर त्या कढईचा माल बाजूला निघत राहिला आणि दूधवाले ओरडायला लागले. मग एका दुपारी चेअरमन आमच्या वस्तीत आला. याआधी तो फक्त मतं मागायला आला होता. खाटेवर बसला, चहा प्याला.

"अक्का, चला."

"वाफेवर हुभी ऱ्हाते. चुलीवर न्हाय."

त्यानं रिकामा कप खाली ठेवला. मग एकदम सरसावून म्हणाला, "वाफेवर तुमी आच कमीजास्त करून बघितली तर काय चव येईल वो?" चेहरा उजळला होता त्याचा. दुसऱ्या दिवशी कांदे उचलले, ताडपत्री कायमची निघाली आणि दोन भट्ट्यांच्या जागी वाफेच्या कढया बसल्या.

तो गेल्यावर मी भांडले. "खोकला कसा आहे, एकदा तरी विचारलं का त्यानं? त्याच्या खव्यात कणी राहिली म्हणून आला तो."

"कशापायी का हुईना, आला ना?" आई म्हणाली. "तुला काय त्याला हार घालायचाय?"

मला हार घालायचा नव्हता, पण स्वस्थही बसवत नव्हतं. मालावर प्रेम करणारा माणूस मालाला काय दुखतंय ते बरोबर ओळखतो. कढईमागं उभ्या बाईचं दुखणं त्याला मालातून कळलं तर कळलं. तिचा हात साधारण असता तर? तर ती खोकत राहिली असती, आणि कढईवरून हटली असती तरी त्याच्या जिभेला ते कळलं नसतं. म्हणून असल्या माणसाला हाकलावं असं मी म्हणत नाही. मालाचा तिरस्कार करणारे मॅनेजरही मी पाहिलेत, ते दोन्हीकडून वाईट. पण प्रेमाच्या भरवशावर कुणाची फुप्फुसं सोडू नयेत. त्यासाठी ठराव लागतो, सह्या लागतात.

कारण चार भट्ट्या अजून चुलीच्याच आहेत. पुण्याला धुरातलाच खवा हवाय, माझ्या पत्रकानं शिकवलेला. आणि आईच्या जुन्या कढईवर आता ऊसतोडीवरून परत आलेली, माझ्याच वयाची पोर उभी असते. "मला काय हुतंय ताई," म्हणते आणि बाहीनं डोळे पुसते.

परवा मी सह्यांचा कागद घेऊन शेडात गेले. उरलेल्या चारही भट्ट्यांवर वाफेच्या कढया, एवढी एकच मागणी. पहिली सही आईची घ्यायची होती. ती वाफेच्या कढईवर नव्हती. धुरात त्या पोरीशेजारी उभी होती, तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवून उलथनं फिरवत होती.

"आई, बाहेर ये आधी."

"थांब गं, सुटायला आलाय." ती माझ्याकडं बघेना. कडेनं सुटणाऱ्या खव्यावर तिची नजर होती, आणि चेहऱ्यावर तेच, चेअरमनच्या चेहऱ्यावर असतं ते. "आता हलक्या हातानं, पोरी. हां. आसं. बघ कसा गोळा हुतोय." मग तिला खोकल्याची उबळ आली. ती तोंड बाजूला करून खोकली, पण पोरीची मूठ सोडली नाही.

मी कागद घडी करून दारातच उभी राहिले, कढई उतरेपर्यंत.