रशीदभाईंची क्लॅरिटी

रशीदभाई कुणाशी भांडत नसत. ज्याचा राग येई त्याचा फोटो संगणकावर उघडत आणि बारकावे ठळक करणारी 'क्लॅरिटी'ची पट्टी शेवटच्या टोकापर्यंत ओढत. वण, सुरकुत्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं वर येई. मग चहाचा घोट घेऊन म्हणत, "हां, अब दिखा इसका असली थोबडा."

भूकंपानंतर लातुरात दोन गोष्टी भराभर उभ्या राहिल्या, घरं आणि क्लास. रशीदभाईंचा फोटो स्टुडिओ अशाच एका क्लासच्या जिन्याखाली होता. मी वर भौतिकशास्त्र शिकवायचो. एकदा फळ्यावर गणित सोडवता सोडवता माझ्या उत्तरात उणे चाळीस किलोचा माणूस निघाला. संचालकांनी भरवर्गात माझ्या हातात डस्टर दिलं. "मास्तर, हा माणूस पुसा आणि तुम्हीही निघा." पोरं खदाखदा हसली. ते हसणं कानात घेऊन मी जिन्याखाली आलो.

रशीदभाईंच्या पडद्यावर नेमका क्लासचा फ्लेक्स उघडा होता. मधोमध संचालक.

"भाई, कॉन्ट्रास्ट वाढवा. भूत करा त्याचं!"

"मास्तर, तुमचं हितं बी उणंच. कॉन्ट्रास्टनं काळं लई काळं होतंय, पांढरं लई पांढरं. दुश्मन हिरो दिसतोय. क्लॅरिटी ओढा. खड्डा न् खड्डा बोलतो."

रागावण्याचं कारण त्यांनाही होतं; संचालक त्यांना गिऱ्हाइकांसमोर 'पंक्चरवाला' म्हणाले होते. त्यांनी माऊस माझ्याकडे सरकवला. मी ओढलं. संचालक एका झटक्यात स्वतःच्या बापाच्या वयाचे झाले.

फ्लेक्स चौकात लागला. आम्ही समोरच्या टपरीवर मजा बघायला बसलो. हदगावहून पोरीला घेऊन आलेला एक शेतकरी मान वर करून बघतच राहिला.

"बघ गं, लेकरांपायी किती झिजलाय मास्तर! हितंच टाकू तुला."

त्याच्यामागोमाग आणखी काही बाप जिना चढले. रशीदभाईंनी बशी खाली ठेवली. "मास्तर, दुश्मनाला आपन वली करून टाकलं, पार संत."

क्लास फुगत गेला. मला मात्र कुठंच नोकरी टिकेना. शेवटी शेपूट घालून मी त्याच जिन्याशी आलो. अर्जाला फोटो हवा होता.

"त्याच्याकडंच चाल्लात?" रशीदभाईंनी विचारलं. मी मान खाली घातली. त्यांनी माझा फोटो काढला, पडद्यावर घेतला आणि क्लॅरिटी टोकापर्यंत ओढली. "न्या. आता तुमी बी झिजलेले."

संचालकांनी फोटो न्याहाळला. "चेहऱ्यावर अनुभव दिसतोय," म्हणाले आणि मला ठेवून घेतलं.

रशीदभाई जाऊन बरीच वर्षं झाली. तो फोटो अजून माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर आहे. संचालकांवरचा आमचा सूड फसला. माझ्यावरचा रशीदभाईंचा फसला नाही. सकाळी आरशासमोर ओळखपत्र अडकवताना बघतो, दोन्ही चेहरे आता तंतोतंत जुळतात.