ठिपक्यांचे शत्रू

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचा हात गल्लीत प्रसिद्ध होता. केसाएवढी स्प्रिंग ते चिमट्यात धरून एका झटक्यात जागेवर बसवायचे. पुढे मुलानं दुकानात मोबाईल विकायला सुरुवात केली, तसे काका घरी बसले. घरी म्हणजे परसातच. एका रांगेतल्या घरांच्या मागे प्रत्येकाचा भाजीचा तुकडा होता आणि मध्ये फक्त तारेचं कुंपण.

पहिल्याच वर्षी ठिपक्याठिपक्यांच्या भुंगेऱ्यांनी वांग्याच्या पानांची चाळण केली. शेजारी विषाचा पंप पाठीवर घेऊन फिरायचे, पण काकांची सून तान्ह्या बाळाला परसात निजवायची. "तो वास घरात नको," ती म्हणाली. मग काकांनी चिमटा काढला. सकाळच्या गारठ्यात भुंगेरे सुस्त असतात. तेव्हाच ते एकेक उचलायचे आणि साबणाच्या पाण्यात टाकायचे. पानामागची पिवळी अंडी बोटानं चिरडायची. वांगी अशी लकाकली की माणसं कुंपणाशी येऊन थांबू लागली.

काकांना बोलायला तेवढंच पुरेसं होतं.

"ठिपके दिसले की शत्रू समजायचा," ते सांगायचे. "मोठा असो, पिल्लू असो, सोडायचा नाही."

लोकांनी पंप अडगळीत टाकले. सगळी गल्ली ठिपके वेचू लागली.

एका सकाळी कुंपणाशी अशीच मंडळी जमली होती. काकांची थोरली वहिनी घेवड्याचं पान घेऊन आली. भाऊ गेल्यापासून ती दोन घरं पलीकडे एकटीच राहायची. पानावर काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी होती.

"भावजी, ही पान खाताना मला काही दिसत नाही. सारखी शेंड्यावरच्या माव्याच्या किड्यांतच बसलेली असते. हिलाही मारायचं का?"

काकांनी पानाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "वहिनी, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. मी आयुष्यभर याहून बारीक वस्तू हाताळल्यात."

सगळे हसले. वहिनीही कसनुसं हसली आणि तिथंच तिनं अंगठ्यानं ती अळी चिरडली.

त्यानंतर गल्लीभर मावा पसरला. घेवड्याचे शेंडे मुरडले, पानं चिकट झाली. कुणी विचारलं की काका म्हणायचे, "हवाच कुंद आहे."

एका दुपारी मात्र ते डोळ्याला दुकानातलं भिंग लावून स्वतःच्या घेवड्यासमोर स्टूल टाकून बसले. त्यांच्या तावडीतून सुटलेली एक काळी अळी शेंड्यावर होती. तिनं मावा पकडला, चावून संपवला आणि पुढचा धरला. पानाला धक्का नाही. काकांनी वांग्याचं पान आणून ताडून पाहिलं. तिथली अळी पिवळी, काटेरी होती आणि पान खरवडत होती. ती वाढून होणारे भुंगेरे मळकट, धूळ बसल्यासारखे. या काळ्या अळीचे लालभडक, चकचकीत. एकदा पाहिल्यावर दोघांत गफलत होणं शक्यच नव्हतं. त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

काकांचे कान तापले. राखण करणाऱ्यांनाच त्यांनी बुडवून मारलं होतं आणि साऱ्या गल्लीला तेच करायला लावलं होतं. त्याच संध्याकाळी शेजाऱ्यानं कुंपणावरून विचारलं, "काका, काही उपाय?" आणि त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं, "हवाच तशी आहे." आपल्याच आवाजाची त्यांना किळस आली. पुढे ते परसात कुणी नाही असं बघूनच पाऊल टाकू लागले.

वहिनी घेवडा उपटताना दिसली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"वहिनी, ती अळी मावा खायची. तुमचं बरोबर होतं."

"ठाऊक आहे मला." तिनं मुळांची माती झटकली.

"मग मारलीत कशाला?"

"सगळे हसत होते, भावजी. तिथं उभं राहून आणखी वाद घालू?" ती थांबली. "तेव्हा सगळे होते. आता मला एकटीला काय सांगताय?"

काकांची मान खाली गेली ती वर येईना.

दुसऱ्या सकाळी त्यांनी माणसांना कुंपणाशी बोलावलं, दोन्ही अळ्या दाखवल्या आणि सांगितलं, "वहिनींनी विचारलं होतं. मी न बघताच त्यांना उडवून लावलं. चूक माझी आहे." कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. लोक "असू द्या हो" म्हणाले, एकमेकांकडे पाहून हसले. कोपऱ्यावरचा सुतार तेवढा बोलला, "तुमच्या नादी लागून माझा घेवडा गेला. मी पंप काढतो."

"आधी पाण्याच्या जोरानं मावा धुऊन बघा," वहिनीच म्हणाली. "थोडं थांबा. लाल भुंगेरे येतील परत."

बाकीचे थांबले. बऱ्याच आठवड्यांनी काही तुकड्यांत चकचकीत लाल भुंगेरे दिसू लागले. सुतारानं फवारलंच, त्याच्याकडे अजून एकही आलेला नाही.

वहिनीनं पुन्हा घेवडा लावला. पहिला तोडा झाला तेव्हा थोड्या शेंगा तिनं काकांकडे पाठवल्या. काकूंनी भाजी वाढली आणि म्हणाल्या, "वहिनींना सांगा हो, छान झालीय म्हणून."

काका ताटातून नजर न उचलता म्हणाले, "तूच सांग."